आईंचं लिंबूपाणी

भेटीची वेळ झाली तशा प्रसूतिगृहाच्या खिडक्या उघडल्या आणि दोऱ्या खाली आल्या. आत कुणाला जाऊ देत नसत. बायका वरून बोलायच्या, घरचे अंगणातून ओरडायचे, आणि डबे-बाटल्या दोरीला बांधलेल्या जाळीच्या पिशवीतून वर जायच्या. मोरावा नदीकाठच्या त्या गावात कुणाला मुलगा झाला, कुणाला टाके पडले, कुणाचं नवऱ्याशी बिनसलं, सगळं साऱ्या अंगणाला ठाऊक असे.

स्तामेंका तिसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली उभी होती. हातात थर्मास, त्यात सुनेसाठी लिंबूपाणी.

"आलात का आई?" स्लावित्सा खिडकीतून वाकली. चेहरा इतका सुजला होता की डोळे बारीक दिसत होते.

"आले गं. छातीत जळतंय का अजून?"

"नुसती आग आग होते! रात्रभर बसून काढते."

"मग पोर म्हणजे केसाळ अस्वलच निघणार बघा!" शेजारच्या खिडकीखालचा एक बाप ओरडला. "घरी नेताना वाटेत न्हाव्याकडे थांबा!"

अंगण हसलं. आईच्या छातीत जळजळ म्हणजे बाळाला दाट जावळ, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. स्तामेंकाही हसली.

"इथं चघळायच्या गोळ्या देतात," स्लावित्सा म्हणाली, "पण त्या मी उशीखाली ठेवते. तुम्हीच सांगितलंत ना, पोटुशीनं औषध घेऊ नये म्हणून. तुमच्या लिंबूपाण्यानं कसं लगेच बरं वाटतं. नर्सला म्हटलंसुद्धा, आमच्या आईंच्या हाताला गुण आहे."

स्तामेंका सुखावली. घरी असताना डॉक्टरांनी दिलेलं तसल्याच गोळ्यांचं पाकीट तिनं फडताळात मागे सारून ठेवलं होतं. लिंबूपाण्यात ती खायचा सोडा घालायची, न सांगता. डॉक्टर सोड्याला नको म्हणतात हे तिच्या कानावर होतं. पण डॉक्टर कशाला नको म्हणत नाहीत? तिची स्वतःची सगळी बाळंतपणं सोड्यावरच निभावली होती.

"आणि प्रेशर? उतरलं का?"

"कुठलं उतरतंय! मीठ बंद केलंय, अळणी गिळते, तरी पाय बघा, नुसते खांब झालेत. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत उतरलं नाही तर ऑपरेशन करून बाळ बाहेर काढावं लागेल. एवढ्या लवकर, आई! मूठभर जीव तो, जगेल न जगेल." तिनं बाहीनं डोळे पुसले. "आज परत विचारलं त्यांनी, लोणचं खातेस का, सोडा पितेस का? सोडा म्हणजे मिठासारखाच, म्हणे. त्यानंही अंग सुजतं, प्रेशर चढतं. मी म्हटलं, आमच्या घरात सोड्याला कुणी हात लावत नाही. आमच्या आई असं काही करायच्या नाहीत."

दोरी खाली आली. जाळीची पिशवी स्तामेंकाच्या तोंडासमोर हलत राहिली.

"ठेवा ना आई."

हातातून सटकल्याचं सोंग करून थर्मास फोडता आला असता. पाणी मातीत जिरलं असतं, उद्यापासून नुसतं लिंबू पिळलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. पण डॉक्टरांना आजच कळायला हवं होतं. दारावरच्या रखवालदाराला निरोप दिला तर तो वर पोचेलच याचा नेम नव्हता.

"नको पिऊस!" ती म्हणाली.

"काय?"

"नको पिऊस म्हणते! यात खायचा सोडा आहे!"

शेजारचा बाप बोलता बोलता थांबला.

"रोज मीच घालत आलेय, घरी होतीस तेव्हापासून! डॉक्टरांना सांग जा. आत्ता जा, स्लावित्सा!"

स्लावित्सा खिडकीतून मागे झाली, आणि तिच्या जागी नर्सचं डोकं आलं.

"किती घालत होतात, आजी?"

"चमचाभर."

"छोटा की मोठा?"

"मोठा."

"ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला!"

"मोठा चमचा!" स्तामेंका ओरडली. "दर वेळी! आणि वर थोडा जास्तच!"

नर्स गेली. आजूबाजूचे लोक उगाच आपापल्या खिडक्यांकडे बघू लागले. स्तामेंकाला लाज वाटत होतीच. पण लाजेपेक्षा 'आमच्या आई असं काही करायच्या नाहीत' हे वाक्य तिला खात होतं. तेवढं एक पोरीनं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

बऱ्याच वेळानं स्लावित्सा खिडकीत आली.

"उद्याचं ऑपरेशन तूर्त थांबवलंय. आता प्रेशर उतरतं का ते बघू, म्हणाले."

"देवाची कृपा! आणि जळजळ?"

"गोळी चघळली."

"पोरी, चुकलं गं माझं. मला वाटलं, तुला तेवढाच आराम—"

"ते ओतून टाका."

स्तामेंकानं थर्मास भिंतीच्या कडेला रिकामा केला.

"आता धुवा, आणि साधं पाणी भरून पाठवा. घसा सुकलाय."

स्तामेंका लगबगीनं फाटकामागच्या नळाकडे निघाली.

"तिकडे नको," स्लावित्सा वरून म्हणाली. "हा इथला नळ घ्या. मला दिसेल असा."

स्तामेंका माघारी वळली. अंगणातल्या नळाखाली तिनं थर्मास दोनदा विसळला, खिडकीकडे तोंड करून भरला, आणि झाकण लावायच्या आधी वर उचलून दाखवला.