बांदुराला कुंकू

संजीवनीनं ओक्सानाच्या कपाळाला हळद लावली आणि कोयरीतल्या कुंकवात बोट बुडवलं. तेवढ्यात मीनलनं इंग्रजीत विचारलं, "तुमचे मिस्टरपण सिंगापूरलाच असतात का?"

"नाही," ओक्साना म्हणाली. "तो खार्किवलाच राहिला. लढाईत गेला."

तोआ पायोहच्या संजीवनीच्या फ्लॅटमधली बायकांची बडबड एकदम थांबली. संजीवनीचं बोट हवेतच राहिलं.

ओक्साना युक्रेनमधली. लढाई पेटली तेव्हा कपड्यांची बॅग मागं टाकून बांदुरा तेवढा पाठीला बांधून निघालेली. मांडीवर उभा धरायचा, तारांनी गच्च भरलेला बांदुरा. त्यावर ती आपल्या मुलखातली जुनी गाणी म्हणायची. आता कधी हॉटेलात, कधी पाया लेबारच्या मॉलमध्ये. लोक खाता खाता ऐकायचे, फोटो काढून निघून जायचे.

संजीवनीनं तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं. त्याआधी ग्रुपवर लिहिलंही होतं, 'यंदा कुणालाही वगळायचं नाही. नवरा असो, नसो, सगळ्यांनी यायचं.' भराभर अंगठे आले होते. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यांच्यातलं मात्र कुणी आलं नव्हतं.

आणि आता एक समोर बसली होती. मांडीवर बांदुरा धरून, मान किंचित पुढं करून, डोळे मिटून.

संजीवनी बँकेत ऑडिट करायची. तिच्या एका शब्दावर भलेभले फायली घेऊन धावायचे. पण तिचं स्वतःचं बोट तिचं ऐकेना.

मग ते बोट वळलं. बांदुराच्या लाकडावर तिनं कुंकू टेकवलं आणि हात जोडले.

"आमच्यात वाद्याची पूजा करतात," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. म्हणून तर इतकं पटकन सुचलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. क्षिप्रा म्हणाली, "किती सुंदर गं! थांब, फोटो काढते." मीनल कानाशी लागली. "काय सावरलंस! मला तर घामच फुटला होता."

संजीवनीनं कोयरी खाली ठेवली.

ओक्सानानं डोळे उघडले. लाकडावरच्या त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली.

"हा त्यानंच घडवला," ती म्हणाली. "माझ्या आंद्रीनं. लाकूड वाळायला ठेवलं होतं तेव्हा मला हातसुद्धा लावू द्यायचा नाही." ती हसली. "देश सोडल्यापासून किती ठिकाणी वाजवलं. याला कुणी हात जोडले नव्हते. तुम्ही पहिल्या."

संजीवनीला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पुन्हा कोयरी उचलली. "थांबा ना. तुम्हाला लावायचं राहिलंय."

"नको, हेच पुष्कळ आहे." ओक्सानानं आपला रुमाल काढला, घडी करून ठिपक्यावर अलगद ठेवला, पुसला जाऊ नये म्हणून. मग बांदुरा पिशवीत घातला.

"अहो, खरंच राहिलंय," संजीवनी म्हणाली. पण हे तिनं मराठीत म्हटलं, आणि तेही इतकं हळू की शेजारच्या मीनललाही ऐकू गेलं नाही.

लिफ्टपर्यंत ती पोचवायला गेली. ओक्साना आत शिरली, पाठीवरचं ओझं सावरून वळली. तिच्या कपाळावर नुसतीच हळद होती. तिनं तिळगुळाची पुडी छातीशी धरली आणि हात हलवला.

संजीवनीनंही हलवला. डावा. उजवा, कुंकू लागलेला, तिनं पाठीमागं धरला होता.