शेवटून तिसरा सूर

"काका, यंदा स्मृतिदिनाला बिगूल नको. रेकॉर्डिंग आणलंय," नवा बँडमास्तर म्हणाला. "राग मानू नका, पण तुमचा शेवटून तिसरा सूर दरवर्षी घसरतो."

"घसरत नाही. तो तसाच आहे."

"कागदावर तसा नाही."

"मला कागदानं नाही शिकवलं," शिंपीकाका म्हणाले आणि चौकातल्या त्या दगडाजवळ जाऊन उभे राहिले. युद्धात गेलेल्यांची नावं त्याच्यावर कोरलेली होती. नको म्हटलं तरी काकांच्या कोटाच्या आत बिगूल होताच.

शिकवलं होतं ते दगडावरच्या चौथ्या नावानं, त्यांच्या दोस्तानं, आघाडीवरच्या खंदकात, आणि तेही चुकीचं. तो सूर त्याला स्वतःलाच कधी धड जमला नाही. आठवड्याभरात तो गेला आणि बिगूल काकांच्या हातात आला. सत्तेचाळीस वर्षांत त्याचा फोटो पुसट झाला, गणवेशाला कसर लागली. शाबूत राहिली ती एवढी चूक. काकांनी ती जिवापाड जपली होती. आज ती वाजली नाही, तर दोस्त दुसऱ्यांदा जाणार होता.

पहिल्या रांगेत दोस्ताची थोरली बहीण बसली होती, गुडघ्यांमध्ये काठी धरून. सगळं गाव तिला ताई म्हणे आणि टरकून असे. भाऊ गच्चीवर बिगूल घोटत बसायचा तेव्हा खालून तिचा आवाज गल्लीभर जायचा, "चुकलास मेल्या!" तार आली त्या दिवशी 'मेल्या' हा शब्द तिनं टाकला तो कायमचा. दूध सांडणाऱ्या मांजरालासुद्धा ती नुसतं "शुक शुक" करी.

नावं वाचून झाली. माना खाली गेल्या. कर्ण्यातून धून निघाली, इस्त्री केल्यासारखी सरळ, कुठे चुणी म्हणून नाही. शेवटून तिसरा सूर जिथे लागायचा तिथेच लागला. धून संपली.

एकही मान वर झाली नाही.

कशी होणार? सूर घसरला की माना वर करायच्या, ही गावाची सवय. कुणी शिकवली नव्हती, आपोआप अंगवळणी पडली होती. पाववाला, पोस्टमन, शाळेच्या बाई, सगळे जमिनीकडे बघत उभे. नगराध्यक्षांनी एक डोळा उघडला आणि घाईघाईनं मिटला. बँडमास्तर खाकरला. कुणी हललं नाही.

"झालं नाही अजून," ताई खाली मान घालूनच म्हणाली. तिचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

बँडमास्तरला घाम फुटला. "काका, वाजवा हो! कसंही वाजवा!"

"कसंही नाही," काका म्हणाले. "तसंच."

त्यांनी बिगूल ओठांना लावला. पहिल्याच सुराला त्यांची सत्तरी कुठल्या कुठे पळाली. धून चढत गेली, शेवटाकडे आली आणि तिसरा सूर ठरल्या जागी मस्तपैकी घसरला. चौकभर माना एकदम वर झाल्या. त्या दगडासमोर आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. आज वाजली आणि मग थांबेचना. बँडमास्तरनं खिशातली पेन्सिल काढली आणि कागदावरचा एक सूर खोडून टाकला.

काकांना टाळ्या ऐकू येत नव्हत्या. ते ताईकडे बघत होते. ती काठीवर भार देऊन उठली, चौथ्या नावासमोर जाऊन उभी राहिली आणि डोळे पुसत, हसत, त्याच गल्लीभर आवाजात ओरडली,

"चुकलास मेल्या!"