हरिबाचा गुडघा

"बस की रं. येवढा पैलवान मानूस, दारात का हुबा?" हरिबा म्हणाला, पण स्वतः उठला नाही. उजवा पाय लांब पसरून तो ओसरीवर लोकर कातत बसला होता. काठी हाताशीच होती.

आप्पासो बसला. सांगलीहून लोणंदपर्यंत गाडीत त्यानं बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं. आता त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ.

तीन वर्षांपूर्वी दोघे सांगलीच्या एकाच तालमीत होते. एका ताटात जेवायचे, एकमेकांच्या अंगाला तेल चोळायचे. संस्थानाला पगारी पैलवान एकच ठेवायचा होता, आणि वस्तादांच्या मनात हरिबा होता. निवडीला चार दिवस उरले असताना सरावात हरिबाचा गुडघा गेला. नशीब, म्हणाले सगळे. हरिबा गावी गेला आणि आप्पासोची निवड झाली.

मग काय, दूध, तूप, बदाम! पहाटे उठून हजार जोर, दोन हजार बैठका. नाव झालं, फेटे मिळाले. पण बैठक मारताना आपला गुडघा वाकला, की त्याला हरिबाचा आठवायचा. तीन वर्षांत अंग दुप्पट झालं आणि मन पार खंगलं.

हरिबाची आई बनाबाई ताक घेऊन आली. "लेकरा, आमच्या हरिबाला परसाकडं जायला बी काठी लागती बघ," असं न विचारताच सांगून ती आत गेली. आप्पासोनं ताकाचा पेला तसाच खाली ठेवला.

"हरिबा, तुझा गुडघा नशिबानं न्हाई गेला."

हरिबा कातत राहिला.

"वस्ताद 'सोड' म्हनलं, ते मला ऐकू आलं हुतं. ऐकून बी मी पीळ दिला. तू निवडीत आसतास, तर मला मेंढरं राखाय घरी जावं लागलं आसतं. म्हनून दिला."

"आन् हे आजच का सांगतुयास?"

"गेल्या म्हयन्यात तुमच्याकडचा एक फौजदार तालमीत आल्ता. हरिबाचा पाय कशानं गेला, इचारत हुता. वस्ताद म्हनलं, नशिबानं. मला ऱ्हावलं न्हाई. सायब, म्हनलं, ह्या हातांनी मोडलाय. आन् तितंच रडलो. त्याला सांगितलं, मग तुला कसं न सांगू?"

हरिबाचे हात थांबले. "रडलास? फौजदाराम्होरं?"

"व्हय. त्यानं वहीत लिवून घेतलं आन् गेला." आप्पासोनं मान खाली घातली. "शिव्या घाल, काठीनं मार. पर काय तरी कर गड्या. मला आता सोसंना."

हरिबानं आत पाहिलं. बनाबाई मुकाट बाहेर आली आणि तिनं रस्त्याकडचं दार लावून घेतलं.

मग काठीला हातही न लावता हरिबा ताडकन उठला. तरातरा ओसरी ओलांडून आला, दोन्ही गुडघे टेकून बसला आणि त्यानं आप्पासोचे पाय धरले.

"त्याच सालच्या पाऊसकाळात बरा झाल्ता रं गुडघा. तालमीत परत यायला निगालो हुतो, तर बेचाळीसची धामधूम झाली आन् मी बी त्यात पडलो. तारा तोडणाऱ्यांत लंगडा कोन शोधतंय? आन् तुला खरं कळलं आसतं, तर फौजदाराम्होरं तुला आसं रडाय आलं नसतं. म्हनून तीन वर्सं तुला जळत ठेवलं. गड्या, माफी मी मागायची हाय."