बकरीची पसंती

"पेट्रोलचीच ठेवतो," साहेबरावांनी सांगून टाकलं आणि दुकानदाराला फोन करायला ते ओट्याच्या पायऱ्या चढू लागले.

आवार झाडणारी सुगंधाबाई खराटा टाकून दोन पावलं त्यांच्या मागं गेली.

अंगणात पाला उडवायच्या दोन मशिनी पडल्या होत्या. एक पेट्रोलवर चालणारी, एक बॅटरीवर. जालन्याच्या दुकानदारानं दोन दिवसांसाठी दिल्या होत्या, वापरून बघा, पटेल ती ठेवा म्हणून. मंठ्यातल्या साहेबरावांच्या बंगल्याच्या आवारात कडुलिंबाची सात झाडं आणि एक थोरला पिंपळ. फाल्गुन लागला की दिवसभर पानगळ. झाडलोटीच्या धुळीनं साहेबरावांच्या मंडळींना, द्वारकाबाईंना, खोकल्याची ढास लागायची. म्हणून हा सगळा घाट. सकाळी साहेबरावांनी हौसेनं दोन्ही मशिनी चालवल्या. पेट्रोलवालीनं फाटकाकडचा पाला लोटला, बॅटरीवालीनं विहिरीकडचा. दोन ढीग झाले. ते गोळा करून न्यायचं काम मात्र सुगंधाबाईचंच, पहिल्यासारखं.

अकरा वर्षं ती हे आवार झाडत होती. मजुरी मागत नव्हती. रोजची शिळी भाकरी, दिवाळीला एक लुगडं, एवढ्यावर खूश. "किती साधी बाई गं," असं द्वारकाबाई शेजारणींना सांगायच्या. साधी कसली! "ओढ्यात टाकून येते बाई," म्हणत सुगंधाबाई पाल्याचं गाठोडं डोक्यावर घ्यायची आणि थेट घर गाठायची. घरी नऊ बकऱ्या. नवरा गेल्यापासून त्याच तिचा आधार. मिठाचं पाणी शिंपडून ती तो पाला त्यांना घालायची आणि उन्हाळा त्यावर निघायचा. मंठ्यात चैत्रात हिरवा चारा नजरेला पडेल तर शपथ! हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी फाटकाशी दहा बाया टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या असत्या.

आज मघाशी ती फाटकाजवळच्या ढिगाशी वाकली आणि पेट्रोलचा भपकारा नाकात घुसला. पानापानाला धुराचा, तेलाचा वास. बकरीची जात मुलखाची नखरेल. पाल्यावर दुसरीचा पाय पडला तरी तोंड लावत नाही, ती हे खाते होय!

"मालक, त्या पेट्रोलवालीचा लई कल्ला हाय," तिनं मागून हाक दिली. "बाईंची दुपारची झोप मोडंल."

"मोडू द्या. इथं आठ-आठ तास लोडशेडिंग. बॅटरी चार्ज कवा करायची?"

"रातच्याला लाईट येती की. तवा लावायची."

"आन् मी काय राखण बसू? पेट्रोलचं बराबर हाय. टाकी भरली की सुरू."

"पर बॅटरीची हलकी हाय, मालक. तुमच्या कमरेला..."

"माझ्या कमरेचं काय घेऊन बसल्या, सुगंधाबाई? तुम्हाला पाला उचलायचाय. मशीन कोन्ती का असंना, तुमचं काय जाऊन राह्यलंय?"

काय जातंय! तिचा तोलच सुटला.

"आवो, बकऱ्या न्हाई खायच्या तो पाला!"

साहेबराव पायरीवरच थबकले. "कुणाच्या बकऱ्या?"

बोलून बसली खरी. आता गिळता येईना. तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं, अकरा वर्षांचं. साहेबराव रागावतील म्हणून तिनं जीव मुठीत धरला होता. ते तर हसायलाच लागले. शेतीवाडी सोडून टाऊनात आलेला माणूस, घरात जनावर नसल्याला जमाना झालेला. "असलं वाळकं पान कोन्ती बकरी खाती? काईबी सांगून राह्यल्या तुम्ही!"

खोटारडी ठरवलेलं तिला झोंबलं. ती तरातरा घरी गेली आणि थोरली बकरी दोरीला धरून घेऊन आली. आधी फाटकाजवळच्या ढिगाशी उभी केली. बकरीनं हुंगलं, फुरफुरली, मान फिरवली. मग विहिरीकडच्या ढिगाशी नेली. तिथं तिनं तोंड घातलं ते काढायचं नाव घेईना. कुरकुर कुरकुर चावत राहिली. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"बिलकुल खरं बोलल्या तुम्ही!" साहेबरावांनी मांडीवर थाप मारली. "बस्स, बॅटरीचीच ठेवतो. लाईटीचं पाहून घेऊ."

सुगंधाबाईला आभाळ ठेंगणं झालं. एवढ्या मोठ्या माणसानं आज तिचं ऐकलं होतं. उन्हाळ्याचा घोर मिटला होता. ती बकरीच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

द्वारकाबाई ढिगाजवळ आल्या. मूठभर पानं उचलून त्यांनी वास घेतला. "काय बाई तरी! एवढा चारा आपल्या दारात, आन् आपण दूध पिशवीतलं पिऊन राह्यलो."

साहेबराव हसायचे थांबले. विहिरीपलीकडं एक पत्र्याची रिकामी शेड होती, तिच्याकडं ते बराच वेळ बघत राहिले. मग सुगंधाबाईकडं वळून अगदी अदबीनं म्हणाले, "उद्यापासून पाला बाहेर नेऊ नका. त्या शेडमधी टाकत जा. आन् आता आपल्याला चार-सहा चांगल्या बकऱ्या पाह्यजेत. तुमच्या माहितीत कुणी इकणारं हाय का?"

बकरी अजून खातच होती. सुगंधाबाईनं तिचं तोंड ढिगातून बाहेर ओढलं.

"हाय की, मालक," ती म्हणाली. "मीच हाय."