उघडा राहिलेला फोल्डर

"परवानग्या ठीक आहेत. काकूंच्या डोक्यातल्या आठवणींच्या चिपला काही झालेलं नाही," तंत्रज्ञ शलाका म्हणाली. "पण त्यातला 'अण्णा' नावाचा फोल्डर तुमच्या लॅपटॉपवर उघडाच राहिलाय. तो एका वेळी एकालाच उघडता येतो."

श्रीरंगला आठवलं. आई-अण्णांच्या लग्नाच्या पन्नाशीसाठी, दोन वर्षांपूर्वी, त्याने त्यातून फोटो काढले होते. तेव्हापासूनच आई अण्णांना विचारायची, "आपण कोण?" सगळ्यांनी वयाला बोल लावला. अण्णा रोज नव्याने नाव सांगायचे. गेल्या महिन्यात ते गेले, तेव्हा ती म्हणाली होती, "पाहुणे चांगले होते हो."

त्याने फोल्डर बंद केला.

आई खुर्चीतून लगबगीने उठली. "श्रीरंग, हे कुठे गेले रे? चहा निवतोय त्यांचा."