भाडेकरूसकट

घर विकत घ्यायला आलेल्या झ्लात्काने न विचारता कपाट उघडलं आणि दोन्काचे कपडे हँगरसकट एका बाजूला सारले. मागच्या भिंतीला ओल आहे का, ते बघायचं होतं म्हणे. भिंत चाचपून झाल्यावर तिचा हात पुरुषाच्या शर्टांवर थांबला.

"यांचे यजमान कुठे असतात?" तिने विचारलं. दोन्काला नव्हे, क्रुमला. घर क्रुमचं होतं, विकायलाही तोच निघाला होता, तेव्हा भाडेकरणीची उत्तरंही त्यानेच द्यायची, असं दोघांनी न बोलताच ठरवलेलं दिसत होतं.

"जर्मनीत. ट्रक चालवतात."

रुसे शहराच्या बसमध्येसुद्धा ज्याचं पोट ढवळायचं, त्या तिच्या नवऱ्याला, स्तामेनला, या माणसाने मेल्यावर ट्रकवर बसवलं. दोन्का दारात उभी राहून ऐकत होती. बोलली मात्र नाही, कारण सकाळीच तसं ठरलं होतं. "मावशी, मयताचं घर म्हटलं की लोक नाक मुरडतात, भाव पाडून मागतात," क्रुमने गोड आवाजात समजावलं होतं. "तुम्ही तेवढं सांभाळून घ्या. घेणाऱ्याला मी स्वतः सांगतो, बाई चांगली आहे, राहू द्या म्हणून." पोटापुरत्या पेन्शनवर या वयात तिला दुसरं घर कोण देणार होतं? ती बरं म्हणाली. मग इमारतीच्या दारावर डकवलेला स्तामेनच्या फोटोचा निधनाचा कागद क्रुमने नखांनी खरवडून काढला, मयतामुळे आरशावर टाकलेली चादर ओढून घेतली, आणि घराच्या दारावरची काळी फीत तिने आपल्या हाताने सोडली. वर त्याच्या सांगण्यावरून फुलाफुलांचा ब्लाउज घातला. सकाळपासून तिला त्या ब्लाउजची शिसारी येत होती, आणि ब्लाउजपेक्षा जास्त स्वतःची.

झ्लात्का पलंगावर बसली. बसल्या बसल्या जरा उसळून पाहिलं.

"हा यांचा की तुमचा?"

"माझा. घराबरोबर येईल."

याच पलंगावर स्तामेनने प्राण सोडला होता. "बरा मऊ आहे हो," म्हणत झ्लात्का उठली आणि स्वयंपाकघरात शिरली. तिथे तिने ओव्हन उघडला, नळ सोडून पाहिला, फ्रिजमध्ये डोकावली, आणि मग ओट्यावरच्या मोठ्या वाडग्यावरचं फडकं उचललं.

क्रुमने सगळं झाकलं होतं, तेवढं एक राहून गेलं. वाडग्यात शिजवलेले गहू होते, साखरेची पूड पेरलेले, वर बदामांचा क्रूस मांडलेले. आज स्तामेनचा चाळिसावा दिवस होता. ही मंडळी गेली की दोन्का ते घेऊन कबरीवर जाणार होती आणि भेटेल त्याला वाटणार होती. असे गहू कशासाठी शिजतात ते बल्गेरियात पोराटोरांनाही सांगावं लागत नाही.

झ्लात्काचा हात आपोआप क्रूस काढायला कपाळाकडे गेला. "कोण गेलं?"

"यांची कोणीतरी लांबची आत्या," क्रुम घाईने म्हणाला.

"माझा नवरा," दोन्का म्हणाली. त्या गव्हांसमोर तिला खोटं बोलवेना.

आता ही पर्स उचलून चालू लागेल, असं तिला वाटलं. झ्लात्काने मात्र खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. तिचा चेहरा चक्क खुलला होता.

"म्हणजे आता एकट्याच? आणि पेन्शनही एकच?"

दोन्काने दोन वाट्या भरल्या. गहू उघडे पडल्यावर समोरच्याला न देऊन चालत नाही, मग समोर कोणी का असेना. घेणाऱ्यानेही आभार मानायचे नसतात, देव गेलेल्याला क्षमा करो, एवढंच म्हणायचं असतं. झ्लात्का तसं व्यवस्थित म्हणाली. आणि पहिला घास तोंडात असतानाच क्रुमकडे वळली.

"पाच हजार कमी करा. मयताचं घर आहे."

"अहो, दवाखान्यात गेले ते!"

"मघाशी जर्मनीत होते," झ्लात्का म्हणाली. दातात अडकलेला बदामाचा तुकडा तिने नखाने काढला, न्याहाळला आणि पुन्हा तोंडात टाकला. "आणि बाईंचं म्हणाल, तर नोटिशीची भानगडसुद्धा नको. भाडं वाढवलं की झालं. हिवाळ्याची बिलं एकटीने भरून बघू देत ना. ईस्टरच्या आत आपल्या पायांनी जातील." मग वाटी पुढे केली. "छान झालेत हो. अजून घाला थोडे."

दोन्काने घातले. घालताना तिची नजर क्रुमवर होती. आता तो बोलेल. बाई चांगली आहे, राहू द्या, एवढंच तर बोलायचं होतं. त्याच्यासाठी तिने आपल्या माणसाचं मरण लपवलं होतं.

क्रुमचंही तोंड भरलेलं होतं. त्याने सावकाश चावलं, मनात हिशेब केला, घास गिळला.

"तीन हजार," तो म्हणाला. "आणि मावशींना मीच समजावतो. माझं ऐकतात त्या."

वाडग्यावरून दोघांनी हात मिळवले. झ्लात्काने हसत हसत आणखी एक घास भरला.

दोन्काने आधी झ्लात्काच्या हातातली वाटी काढून घेतली, मग क्रुमच्या हातातली. मांडणीवरची एक रिकामी बशी घेतली आणि आजाऱ्यासमोर धरतात तशी झ्लात्काच्या हनुवटीखाली धरली.

"थुंका."

"काय?"

"तोंडात आहे ते. माझ्या माणसाचं आहे. थुंका."

झ्लात्का गाल फुगवून क्रुमकडे बघत राहिली. घास तिला गिळवेना आणि टाकवेना. दोन्काने बशी हलवली नाही.

"तुम्हीसुद्धा," ती क्रुमला म्हणाली.

"मी गिळलं, मावशी," क्रुम म्हणाला.