रेवतीचा हात

डॉ. वैजयंती इनामदार हुबळीच्या एका मेडिकल कॉलेजात एक्स-रे वाचायला शिकवत. हाडांवरून वय ओळखण्याचा धडा त्या दरवर्षी एकाच फिल्मवर घेत. तो डावा हात त्यांच्या मुलीचा, रेवतीचा होता. केशवापूरच्या बागेत ती झोपाळ्यावरून पडली तेव्हा हा एक्स-रे काढलेला. हाड शाबूत निघालं. त्याच वर्षी मेंदूज्वरानं ती गेली. सहा वर्षांची होती.

विद्यार्थ्यांना हे ठाऊक नव्हतं. फिल्म काचेच्या पेटीवर लावली आणि आतला दिवा लागला की वैजयंती तिच्याकडे पाठ करत. बघवत नसे.

अलीकडे मुलांची उत्तरं चुकू लागली होती. कोणी आठ म्हणे, पुढच्या वर्षी कोणी नऊ. त्या रागवत.

यंदा स्नेहा कट्टी म्हणाली, "बारा, मॅडम."

"मनगटातली हाडं मोज."

"मोजली मॅडम. आठही आहेत."

सहाव्या वर्षी आठवं हाड दिसत नाही. वैजयंती वळल्या. कोपऱ्यातली तारीख त्यांच्याच अक्षरातली, जुनीच होती. हाडं आठ होती. रेवती असती तर यंदा बारा पूर्ण झाली असती.

त्यांनी आपला तळवा फिल्मवर टेकवला. लहानशी बोटं आता त्यांच्या बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंत आली होती.

"रेवा," त्या पुटपुटल्या.

मागून स्नेहा समजावल्यासारखं म्हणाली, "हाडांच्या टोकांशी फटी अजून उघड्या आहेत, मॅडम. हे मूल अजून वाढतंय."